चार चौकोनांच्या आकृतीत नसलेले तेल

प्रशीतनाचा धडा कोणत्याही पुस्तकात उघडा, मग ते शाळेचे असो, तंत्रनिकेतनाचे असो की अभियांत्रिकी पदवीचे, तेथे एक आकृती हमखास असते. चार चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा: कॉम्प्रेसर, संघनक, प्रसरण झडप आणि बाष्पक. बाणांच्या दिशेने एकच पदार्थ फिरत राहतो, बाष्पकात उकळून उष्णता घेतो आणि संघनकात द्रवरूप होऊन ती सोडतो. ही आकृती फळ्यावर दोन मिनिटांत काढता येते आणि ऊष्मागतिकीचा हिशेब तिच्यावरून स्वच्छ मांडता येतो. माझी तक्रार तिच्या सोपेपणाबद्दल नाही. त्या रेषांमधून फिरणारा पदार्थ शुद्ध आहे असे ती गृहीत धरायला लावते, आणि प्रत्यक्षात तो जवळजवळ कधीच शुद्ध नसतो, ही तक्रार आहे. त्याच्याबरोबर तेल फिरत असते.

तेल येते कोठून? कॉम्प्रेसरच्या दट्ट्याला आणि धारव्यांना वंगण लागते. दाबला गेलेला गरम वायू सिलिंडरमधून बाहेर पडताना या तेलाचे बारीक तुषार आणि थोडी तेलाची वाफही घेऊन जातो. मोठ्या यंत्रांत वाटेत तेल अलग करणारे भांडे बसवतात. त्यात बरेचसे तुषार अडतात, पण वाफ अडत नाही आणि सगळे तुषारही अडत नाहीत. घरातल्या फ्रिजमध्ये तर असे भांडेच नसते. म्हणजे वंगण म्हणून भरलेले तेल संघनकातून आणि झडपेतून फिरून शेवटी बाष्पकात पोचते. बाष्पकात प्रशीतक उकळून निघून जातो. तेल मात्र त्या तापमानाला उकळत नाही, ते मागे राहते. आता त्याचे काय होते?

या प्रश्नाला मार्गदर्शकांतून आणि कारागिरांच्या तोंडून एकच ठरलेले उत्तर मिळते: तेलाचा थर नळीला चिकटतो, तेल उष्णतेचे दुर्वाहक आहे, म्हणून उष्णतेचे वहन कमी होते. परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळतात. पण ते अर्धेच खरे आहे आणि खरे असते तेव्हाही दिलेले कारण अपुरे असते. ते कोठे खरे आणि कोठे नाही, हे पाहायला पनवेलच्या परिसरासारखी जागा शोधून सापडणार नाही, कारण दोन्ही प्रकारची यंत्रे येथे काही किलोमीटरांच्या अंतरात आहेत. एका बाजूला तळोजा औद्योगिक वसाहतीतले मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने आणि उरणच्या करंजा बंदराला लागणारा बर्फ. हे जग मुख्यतः अमोनियाचे आहे. दुसऱ्या बाजूला १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवाचे बंदर. तेथून द्राक्षे आणि गोठवलेली मासळी घेऊन निघणाऱ्या शीतपेट्यांमध्ये फ्लुओरीनयुक्त प्रशीतके असतात.

आधी आकडे पाहू. खनिज तेलाची उष्णतावाहकता सुमारे ०.१३ वॅट प्रति मीटर प्रति केल्विन आहे. द्रव अमोनियाची शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास सुमारे ०.५ आहे, म्हणजे तेलाच्या जवळजवळ चौपट. म्हणून अमोनियाच्या तुलनेत तेल दुर्वाहक आहे, हे कबूल. पण फ्रिजमध्ये आणि मोटारींच्या वातानुकूलन यंत्रांत वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या आर-१३४ए या प्रशीतकाची द्रवरूपातील वाहकता आहे सुमारे ०.०९. म्हणजे येथे तेल प्रशीतकापेक्षा चांगले वाहक आहे! तेल दुर्वाहक आहे म्हणून वहन घटते, हे स्पष्टीकरण येथे पहिल्याच पायरीवर कोसळते. गंमत म्हणजे हे दोन आकडे पुष्कळदा त्याच पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या तक्त्यांत असतात. ते शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही, इतकेच.

आता तळोजा-करंजाकडचे अमोनियाचे जग घेऊ, कारण तेथे ते ठरलेले उत्तर बरेचसे लागू पडते. बर्फाच्या कारखान्यात लाद्यांचे डबे मिठाच्या थंड पाण्यात बुडवून ठेवलेले असतात आणि त्याच टाकीत अमोनियाच्या लोखंडी नळ्यांचे वेटोळे असते. (अमोनिया ओलाव्याबरोबर तांब्याला खातो, म्हणून तांबे तेथे चालत नाही.) खारे पाणी उणे १० अंशांवर आणि अमोनिया उणे १५ अंशांवर उकळतो आहे असे धरा. हा ५ अंशांचा फरक उष्णतेला नळीतून आत ढकलतो.

वाटेतला अडथळा दोन ठिकाणी आहे, खाऱ्या पाण्याच्या बाजूला आणि अमोनियाच्या बाजूला. उदाहरणापुरते पाण्याच्या बाजूचे उष्णतासंक्रमण गुणक १००० आणि अमोनियाच्या बाजूचे ३००० वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्विन धरू. अडथळा हा गुणकाचा व्यस्त असतो. एका सोयीच्या मापात पहिला अडथळा १० आणि दुसरा ३.३, म्हणजे एकूण १३.३. आता नळीच्या आत वहीच्या कागदाएवढा, म्हणजे ०.१ मिलिमीटर जाडीचा तेलाचा थर बसला. जाडीला वाहकतेने भागले की त्याच मापात या थराचा अडथळा ७.७ येतो. एकूण झाले २१. पूर्वीइतकीच उष्णता आत यायला हवी असेल तर तापमानातला फरक त्याच प्रमाणात वाढायला हवा: ५ अंशांच्या जागी जवळजवळ ८. खाऱ्या पाण्याचे तापमान तर तेच ठेवायचे आहे. म्हणून अमोनियाला उणे १५ ऐवजी उणे १८ अंशांवर उकळावे लागते.

हे तीन अंश फुकट मिळत नाहीत. बाष्पकाचे तापमान एक अंशाने उतरले की तेवढ्याच थंडाव्यासाठी ढोबळमानाने २ ते ४ टक्के जास्त वीज लागते. म्हणजे कागदाएवढ्या थरामुळे विजेच्या खर्चात ६ ते १२ टक्क्यांची भर, तीही चोवीस तास चालणाऱ्या यंत्रावर. प्रत्यक्षात थर असा सारखा बसत नाही, नळीच्या तळाशी जास्त साचतो, म्हणून या आकड्यांना हिशेबाची दिशा दाखवणारे आकडे एवढेच समजावे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांकडून गुणक बदलून हा हिशेब जरूर करून घ्यावा. हवेच्या बाजूचा गुणक २० घेतला तर तोच तेलाचा थर जवळजवळ निरुपद्रवी ठरतो, हे त्यांचे त्यांनाच दिसेल. अडथळा किती आहे यापेक्षा तो कोणत्या अडथळ्याच्या शेजारी आहे, यावर त्याचे महत्त्व ठरते.

अमोनियाच्या बाबतीत मुळात थर का बसतो? कारण नेहमीचे खनिज तेल त्यात जवळजवळ विरघळत नाही. शिवाय थंडीत ते घट्ट होते आणि नळीला धरून राहते. घनताही पाहा. द्रव अमोनिया उणे ३० अंशांना दर घनमीटरला सुमारे ६८० किलोग्रॅम, तर तेल सुमारे ९००. म्हणजे तेल अमोनियात बुडते. तेल तरंगते, असे आपण लहानपणापासून आमटीच्या तवंगावरून शिकलेले असतो. तो नियम आमटीपुरता, म्हणजे पाण्यापुरता आहे. अमोनियाच्या टाकीत तेल तळाशी सापडते आणि ते काढण्याची झडप तळाशीच असते.

याच ठिकाणी आकृतीतले ते गाळलेले तेल केवळ विजेच्या बिलाचा प्रश्न राहत नाही. अमोनियाच्या कारखान्यात तळाचे तेल अधूनमधून काढावेच लागते आणि नेहमीच्या कामांपैकी हे एक अत्यंत धोक्याचे काम आहे. थंड, घट्ट तेल झडपेतून हळूहळू येते. काहीच येत नाही असे वाटून माणूस झडप आणखी उघडतो. तेल संपते आणि मागचा द्रव अमोनिया एकदम बाहेर उसळतो. तेलातही अमोनिया अडकलेला असतो, तो दाब उतरताच उकळू लागतो. हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग अमोनिया झाला तर ते वातावरण जिवाला तत्काळ धोका असलेले मानतात. म्हणून तळाशी तेलाचे वेगळे भांडे बसवावे. त्यात तेल जमू द्यावे, मग ते मुख्य यंत्रापासून बंद करावे, कोमट होऊ द्यावे, त्यातला अमोनिया कॉम्प्रेसरच्या शोषण-बाजूकडे खेचून घ्यावा आणि मगच तेल काढावे. बाहेरच्या तोंडाला हात सोडताच स्प्रिंगने आपोआप बंद होणारी झडप असावी आणि काम चालू असता माणसाने तेथून हलू नये. हे नियम जगभर मान्य आहेत. मी पाहिलेल्या एका जुन्या कारखान्यात मात्र ते भांडेही नव्हते आणि स्प्रिंगची झडपही नव्हती. साधी झडप, तिला रबरी नळी आणि पाण्याची बादली, एवढाच सरंजाम. ते काम करणारा तरुण आयटीआय झालेला होता. चार चौकोनांची आकृती त्याने मला न अडखळता काढून दाखवली. तेल अमोनियाच्या वर असते की खाली, असे विचारल्यावर तो म्हणाला, "वर असणार, तेल आहे ना." त्याच्या पुस्तकाने त्याला याहून वेगळे सांगितलेले नव्हते.

आता बंदराच्या बाजूला जाऊ. फ्लुओरीनयुक्त प्रशीतकांत योग्य तेल निवडले तर ते विरघळते आणि न विरघळल्यास वर येते, कारण ही प्रशीतके तेलापेक्षा बरीच जड आहेत. द्रव आर-१३४ए ची घनता शून्य अंशाला दर घनमीटरला सुमारे १३०० किलोग्रॅम आहे. येथे नळीवर वेगळा थर बसत नाही, तेल द्रवातच असते. मग उष्णतेच्या वहनाचे काय होते? या प्रश्नावर संशोधकांची निदान साठ वर्षे गेली आहेत आणि निष्कर्ष वरवर पाहता एकमेकांना छेद देणारे आहेत. काहींना वहन घटलेले दिसले, काहींना चक्क वाढलेले. अमेरिकेत आयोवा राज्य विद्यापीठात श्लेगर, पेट आणि बर्गल्स यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस आर-२२ या प्रशीतकावर मोजमापे केली. साध्या गुळगुळीत नळीत थोडे तेल असताना बाष्पीभवनाचे गुणक वाढले. आतून बारीक खाचा पाडलेल्या नळीत मात्र हा फायदा बराच ओसरला.

याचे कारण समजायला स्वयंपाकघरात डोकावू. डाळ शिजताना फेस येऊन उतू जाऊ नये म्हणून आपल्याकडे तिच्यात तेलाचा थेंब टाकतात. तेथे तेल फेस मोडते. प्रशीतकात याच्या उलट घडते: विरघळलेले तेल फेस करते. आडव्या नळीत द्रव तळाशी वाहतो आणि वरची भिंत कोरडी राहते. फेस झाला की तो वरच्या भिंतीलाही ओले करतो आणि उकळायला जास्त पृष्ठभाग मिळतो. तेलाने मिश्रणाचा पृष्ठताणही वाढतो, त्याचीही भिंत ओली ठेवायला मदत होते असे मानतात. खाचांच्या नळीत हे काम खाचा आधीच करत असतात, तेव्हा तेलाला तेथे करण्यासारखे फारसे उरत नाही. तेल वाढत गेले की चिकटपणाही वाढतो, बुडबुडे जड चालीने निघतात आणि मग वहन घटते.

नळीऐवजी भांड्यात उकळणाऱ्या प्रशीतकावर अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेत मार्क केडझिएर्स्की यांनी दीर्घकाळ काम केले. प्रशीतक भिंतीलगत उकळून निघून जातो आणि तेथे तेलाचे प्रमाण बाकीच्या द्रवापेक्षा जास्त होते, असा अतिशय पातळ थर ते गृहीत धरतात. हा थर बुडबुड्यांचा आकार आणि संख्या ठरवतो. प्रशीतक व तेलाच्या काही जोड्यांत थोड्या तेलाने वहन वाढते आणि जास्त तेलाने घटते, हे त्यांच्या मोजमापांतही दिसते. म्हणजे भिंतीवर थर आहेच, पण त्याचे काम रजईचे नाही.

या साहित्यावरही माझा एक आक्षेप आहे. लेखांतून "तेल २ टक्के" असा एकच आकडा देण्याची पद्धत आहे. तो बाष्पकाच्या तोंडाशी खरा असतो. आत काय होते ते पाहा. १०० ग्रॅम मिश्रणात २ ग्रॅम तेल आणि ९८ ग्रॅम प्रशीतक आहे. प्रशीतकाचा ९० टक्के भाग वाफ झाला की द्रवरूपात ९.८ ग्रॅम उरतो, आणि द्रवातले तेल होते १७ टक्के. ९७ टक्के वाफ झाली की ४० टक्के. ९९ टक्क्यांना सुमारे ६७! नळीच्या सुरुवातीला जो पातळ, फेसाळ द्रव होता तो शेवटी पाकासारखा होतो. त्याचा उत्कलनबिंदूही चढलेला असतो, कारण विरघळलेल्या तेलाने प्रशीतकाचा बाष्पदाब कमी होतो. म्हणून एकाच नळीत, एकाच वेळी, तोंडाशी तेल उपकारक आणि शेवटाशी अपकारक असू शकते. संपूर्ण नळीची सरासरी घेणाऱ्याला वाढ दिसेल की घट, हे त्याने नळी कोठे तोडली यावर ठरेल. साठ वर्षांच्या वादातला काही भाग तरी या सरासरीने निर्माण केलेला आहे, असे माझे मत आहे.

तेव्हा पहिला प्रश्न तेल दुर्वाहक आहे का हा नाही. पहिला प्रश्न आहे: हे तेल या प्रशीतकात विरघळते का? याचे महत्त्व आपल्या देशात सर्वांना कळले ते माँट्रियल करारानंतर. करार १९८७ चा, भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला आणि २०१० पासून आर-१२ सारख्या क्लोरोफ्लुओरोकार्बनांचा वापर येथे थांबला. आर-१२ खनिज तेलात पूर्ण मिसळत असे. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए खनिज तेलात मिसळत नाही. जुन्या फ्रिजमध्ये तेल न बदलता नवा वायू भरला तर तेल बाष्पकात अडकून राहते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडत जातो. म्हणून पॉलिओलएस्टर प्रकारची तेले आणावी लागली. त्यांचा अवगुण असा की ती हवेतला ओलावा शोषतात. पनवेलच्या जुलै महिन्यात अशा तेलाचा डबा उघडा ठेवणे म्हणजे यंत्रात पाणी घालण्याची तयारीच. पुढे आलेले आयसोब्युटेन आणि प्रोपेन हे हायड्रोकार्बन मात्र खनिज तेलात सहज विरघळतात. गोदरेजने २०१२ मध्ये प्रोपेनवर चालणारे वातानुकूलन यंत्र बाजारात आणले, त्याला या बाबतीत तरी तेलाशी झगडावे लागले नाही.

विद्राव्यतेचा हा सगळा खेळ वर्गात दाखवता येतो. तीन परीक्षानळ्या घ्या. पहिलीत पाणी आणि शेंगदाण्याचे तेल: तेल तरंगेल. दुसरीत औषधाच्या दुकानात मिळणारे स्पिरिट आणि त्यात शेंगदाण्याच्या तेलाचे काही थेंब: तेल बुडेल आणि तळाशी वेगळे राहील. ही आपली अमोनियाची टाकी. तिसरीत स्पिरिट आणि एरंडेलाचे तितकेच थेंब: हलवल्यावर एरंडेल विरघळून जाईल. एरंडेलाच्या रेणूत हायड्रॉक्सिल गट असतात, म्हणून त्याचे अल्कोहोलशी जमते, शेंगदाण्याच्या तेलाचे जमत नाही. आर-१३४ए चे पॉलिओलएस्टरशी जमते आणि खनिज तेलाशी जमत नाही, त्यामागेही रेणूंच्या ध्रुवीयतेचे असेच कारण आहे. स्पिरिट पेट घेते, तेव्हा जवळ दिवा किंवा बर्नर नको.

जाता जाता एका नव्या फॅशनविषयी. वंगण तेलात धातूंच्या ऑक्साइडांचे नॅनोकण मिसळून उष्णतेचे वहन वाढवण्याचे प्रकल्प अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि विज्ञान प्रदर्शनांत वारंवार दिसतात. भांड्यातील उकळण्यावरच्या प्रयोगांत अशी वाढ मोजली गेली आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. पण त्यावरून घरच्या फ्रिजची वीज तितक्याच टक्क्यांनी वाचेल असे सांगितले जाते, तेव्हा वरचा अडथळ्यांचा हिशेब काढावा. साध्या फ्रिजच्या बाष्पकाबाहेर संथ हवा असते, तिचा गुणक १० च्या आसपास. आतला गुणक १००० आहे असे धरले आणि नॅनोकणांनी तो दुप्पट केला, तरी एकूण वहन अर्ध्या टक्क्याने वाढते. वीज त्याहून जास्त वाचली असेल तर कारण दुसरीकडे, बहुधा कॉम्प्रेसरमधल्या घर्षणात, शोधायला हवे. परीक्षकांनी एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ प्रकल्प नव्याने लिहावे लागतील.

आकृतीचे काय करावे? चार चौकोन राहू द्यावेत. फक्त कॉम्प्रेसरपासून निघून बाष्पकातून परत कॉम्प्रेसरकडे येणारी एक तुटक रेषा वेगळ्या रंगाच्या खडूने काढावी आणि ती परत कशी येते हे विद्यार्थ्यांना विचारावे. परीक्षेत प्रश्नही बदलता येईल. दोन बाष्पक-टाक्या काढून द्याव्यात. एकीत अमोनिया आणि खनिज तेल, दुसरीत आर-२२ आणि तेच तेल, दोन्ही इतक्या थंड की आर-२२ मध्येही तेल पुरते विरघळत नाही आणि वेगळा थर होतो. तेल काढण्याची झडप प्रत्येक टाकीला कोणत्या उंचीवर बसवाल?